व्हॉल्व्ह पास होतोय का? आवाजाच्या यंत्राबद्दल भांडुपच्या गाळ्यातून

घाईत असाल तर एवढंच वाचा. बंद व्हॉल्व्हमधली आतली गळती आवाजावरून ओळखणारं हे यंत्र घेण्यासारखं आहे. पण त्याच्या पडद्यावर ‘लिटर प्रति मिनिट’ म्हणून जो आकडा येतो, तो रिपोर्टात जसाच्या तसा टाकू नका. व्हॉल्व्ह पास होतोय (म्हणजे बंद असूनही आतून गळतोय) की नाही आणि दहातला कुठला आधी खोलायचा, हे ते चोख सांगतं. त्यापुढचं सगळं डीलर सांगतो.

आमचा भांडुपला एलबीएस रोडच्या आत व्हॉल्व्ह दुरुस्तीचा गाळा आहे. बाबांनी सुरू केला, आता मी बघते. कारखान्यांच्या गॅस लाइनचे, बॉयलरचे, सीएनजी पंपांवरचे व्हॉल्व्ह येतात. खोलायचे, सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती जागा) लॅप करायची म्हणजे घासून सपाट करायची, सील बदलायचे, बेंचवर टेस्ट करून टॅग लावून परत पाठवायचे. या धंद्यातली एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही, ती मी बोलते: शटडाऊनमध्ये, म्हणजे देखभालीसाठी काम बंद ठेवतात तेव्हा, आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ व्हॉल्व्हना काहीही झालेलं नसतं. लॉगबुकात कोणीतरी ‘पासिंग’ लिहून ठेवलेलं असतं. मग परमिट निघतं, लाइन रिकामी होते, चेनब्लॉक लावून व्हॉल्व्ह उतरतो, टेम्पोत बसून भांडुपला येतो, आणि बेंचवर बघावं तर एक बुडबुडा नाही. बिल आमचं होतंच. ज्याला खरोखर खोलायला हवं होतं तो मात्र शेजारच्या लाइनवर तसाच बसलेला असतो, पुढच्या शटडाऊनपर्यंत.

म्हणून यंत्र घ्यायचं ठरवलं तेव्हा आमचे हेड फिटर मामा म्हणाले, “ताई, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय.” मामांचं चूक नव्हतं. पण आता गिऱ्हाईकच विचारतं, सगळे नको, खराब तेवढे सांगा. सांगता आलं नाही तर ते काम दुसरा नेतो.

यंत्र कशासाठी आहे ते आधी नीट समजून घ्या, कारण विकणारे सगळी गळती एकाच पोत्यात भरतात. ग्लँडमधून (चाकाच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) किंवा फ्लँजच्या, म्हणजे पाइपाच्या जोडाच्या, गास्केटमधून गॅस बाहेर येतो ती एक गळती. ती वासानं कळते, कारण शहरातल्या गॅसमध्ये मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं, आणि साबणाच्या पाण्यानं पक्की होते. सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्री चेंबूर-घाटकोपरपासून पवई-अंधेरीपर्यंत गॅसच्या वासाच्या तक्रारी झाल्या, फायर ब्रिगेडच्या गाड्या फिरल्या. तेव्हापासून मुंबईकरांचं नाक या बाबतीत भलतंच तिखट झालंय. दुसरी गळती आतली. चाक पूर्ण फिरवून व्हॉल्व्ह बंद केलाय, तरी सीटवरच्या ओरखड्यातून गॅस पलीकडच्या पाइपात जातोच आहे. आम्ही त्यालाच पासिंग म्हणतो. इथे नाकाचा काही उपयोग नाही. गॅस पाइपातून पाइपातच जातो, किंवा व्हेंटच्या उंच नळीतून वर निघून जातो. साबणाचं पाणी कुठे लावणार?

आवाज मात्र होतो. बारीक फटीतून दाबाखालचा गॅस सुटला की खळबळ होते आणि तिचा आवाज व्हॉल्व्हच्या लोखंडात उतरतो. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. यंत्राचा सेन्सर त्याच्या कितीतरी वर, शेकडो किलोहर्ट्झमध्ये कान लावून बसतो, कारण तिथे पंप, मोटर, रस्त्यावरचा ट्रक यांची खडखड जवळजवळ पोहोचतच नाही. सेन्सरच्या आत पीझो स्फटिक असतो. लोखंड थरथरलं की तो व्होल्टेज देतो आणि यंत्र ते डेसिबलमध्ये दाखवतं. २० डेसिबल वाढले म्हणजे सिग्नल दहापट, एवढं लक्षात ठेवलं की बाकी मॅन्युअल वाचावं लागत नाही.

आवाज इतका का होतो, याला जुना आधार आहे. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये मांडलं की खळबळत्या झोताची आवाजाची ताकद वेगाच्या आठव्या घातानं वाढते. वेग दुप्पट केला तर आवाजाची ताकद २५६ पट. फटीतून गॅस जितका जोरात, तितका तो ओरडतो, आणि त्या जोरालाही एक मर्यादा आहे. मिथेनच्या बाबतीत आतला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण १.८५ पट झाला की फटीतला वेग आवाजाच्या वेगाला जाऊन भिडतो आणि तिथेच अडतो. दोन्ही दाब निरपेक्ष (म्हणजे हवेचा दाबही मिळवून) धरायचे, गेजचे नाही. व्हॉल्व्हच्या पलीकडे उघडी हवा असेल तर गेजवर एक बारच्या जरा अलीकडेच ही पायरी गाठली जाते.

ही सगळी घोकंपट्टी एवढ्यासाठी, की यंत्र कुठे चालतं आणि कुठे चालत नाही ते यावरूनच ठरतं. सीएनजी पंपावर कॉम्प्रेसरपुढे २५० बारचे कॅस्केड, म्हणजे गॅस साठवायचे सिलिंडरचे संच, असतात. तिथे यंत्र राजा. कारखान्यात चार बारची लाइन येते, तिथेही ठणठणीत. पण रेग्युलेटरनंतरच्या शंभर मिलिबारच्या लाइनवर ते बहिरं आहे. स्वयंपाकघरात २१ मिलिबारला तर विचारूच नका. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी फोन करून विचारलं, “मॅडम, ते मशीन आमच्या इमारतीच्या गॅसला लावाल का?” म्हटलं, काका, तुम्हाला साबणाचं पाणी आणि गॅस कंपनीचा इमर्जन्सी नंबर पुरे. पैसे वाचवा.

किती गॅस जातो म्हणाल, तर हा ढोबळ हिशेब: १९ बारच्या लाइनवर सीटमध्ये एक मिलिमीटर व्यासाएवढी फट असेल आणि पलीकडे उघडा व्हेंट असेल, तर दिवसाला १८० किलोच्या आसपास मिथेन जातो. टॅक्सीत आठ किलो भरतात असं धरा आणि तुम्हीच भागा. किलोचा भाव पंपावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतोच. आणि हा जळून जात नाही, मिथेन म्हणूनच वर जातो. शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३० पट तापदायक धरतात, वीस वर्षांच्या हिशेबानं ८० पट.

आता यंत्र. हातात मावणारं, मागे क्लिप, एक केबल, टोकाला लोहचुंबकाच्या टोपीतला सेन्सर. सोबत हेडफोन. वरचा आवाज खाली आणून ऐकवायची सोय आहे, त्यामुळे कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी सूं करते तसं कानात येतं. पडदा उन्हात वाचता येतो, याचे मनापासून दोन गुण जास्त. बॅटरी शिफ्टभर टिकते. बटणं हातमोज्यांनी दाबली जातात. आवरणावर पावसाचं पाणी पडलं तरी काही झालं नाही, जुलैत आम्ही ते छत्रीबिनछत्री वापरलं.

पहिली कुरकुर चुंबकाची. सीएनजीच्या लाइनवरचे छोटे बॉल आणि नीडल व्हॉल्व्ह एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे असतात. त्याला चुंबक चिकटत नाही. कॅटलॉगमध्ये फोटो आहेत ते सगळे कार्बन स्टीलच्या जाड व्हॉल्व्हचे, जिथे सेन्सर टक्कन बसतो. एसएसवर तो हातानं धरावा लागतो, आणि हात जरा सैल पडला की रीडिंग चार-पाच डेसिबलनं घसरतं. मामांनी यावर नागदेवीहून आणलेला रबरी पट्टा आणि हूक असा जुगाड केलाय, तो कंपनीच्या कुठल्याही ॲक्सेसरीपेक्षा सरस आहे. मध्ये जेल लावावंच लागतं, साधं ग्रीसही चालतं. आणि रंग. आपल्याकडे दर पावसाळ्याआधी व्हॉल्व्हवर एक हात मारायची पद्धत आहे, त्यामुळे जुन्या व्हॉल्व्हवर रंगाचे पापुद्रे साचलेले असतात. खाऱ्या हवेनं त्याखाली गंज. तेवढी रुपयाएवढी जागा खरवडल्याशिवाय रीडिंगला अर्थ नाही. खरवडल्यावर रंगवून द्यायचा डबाही सोबत न्या, नाहीतर क्लायंटचा सुपरवायझर रीडिंगपेक्षा रंगावरच बोलत बसतो.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एका पंपावरचं सांगते. पूर्व उपनगरातला पंप, बाहेर रिक्षांची रांग पार सिग्नलपर्यंत. कॉम्प्रेसर स्किडवर दोन ब्लोडाऊन व्हॉल्व्ह (गॅस सोडून दाब उतरवायचे), दोघांच्या नळ्या एकाच व्हेंटला जोडलेल्या. मालकाची तक्रार: गॅस मिळतो आणि विकला जातो यात फरक पडतोय. दोन्ही व्हॉल्व्ह शटडाऊनमध्ये उतरवायचे ठरलेलेच होते. कॉम्प्रेसर चालू असताना दोन्हींवर भरपूर आवाज, काहीच कळेना. मग थांबलो. कॅस्केड भरले की कॉम्प्रेसर आपोआप थांबतो, तेवढ्या सवडीत रीडिंग घ्यायचं. घेतानाही एकाच जागी नाही, तीन ठिकाणी: व्हॉल्व्हच्या अलीकडे पाइपावर, व्हॉल्व्हच्या अंगावर, आणि पलीकडे. पहिल्या व्हॉल्व्हला अलीकडे ३१, अंगावर ५८, पलीकडे ४४. आवाज मधे जास्त, म्हणजे उगम तिथेच. हा पास होतोय. दुसऱ्याला ५२, ४९, ४६. आवाज अलीकडून येतोय आणि उतरत जातोय, म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, गोंधळ मागे कुठेतरी. शोधलं तर मागचा एनआरव्ही, म्हणजे गॅस उलटा येऊ न देणारा व्हॉल्व्ह. तो कोणाच्या यादीतही नव्हता.

मामांनी त्याच वेळी आपला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, पातं व्हॉल्व्हला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली, आणि डोळे मिटले. पहिल्या व्हॉल्व्हला मान हलवली, दुसऱ्यालाही हलवली. पहिल्याला ते बरोबर होते. दुसऱ्याला त्यांनी ऐकला तो आवाज खराच होता, पण कुठून येतोय ते स्क्रू ड्रायव्हर सांगू शकत नाही. डेसिबल लिहून ठेवता येतात आणि शेजारच्या आकड्याशी ताडून बघता येतात, यंत्राचं खरं मोल माझ्या मते इथे आहे.

एक अट मात्र कुठल्याच ब्रोशरमध्ये ठळक छापलेली नसते. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा असेल तर आवाज होणारच नाही, व्हॉल्व्ह कितीही फाटका असो. बंद केलेल्या लाइनमध्ये पलीकडची बाजू कोंडलेली असली की पास होणारा गॅस हळूहळू तिकडचा दाब वाढवतो आणि थोड्या वेळात सगळं शांत होतं. यंत्र म्हणतं ‘ठीक’. म्हणून रीडिंगआधी पलीकडचा ब्लीड (दाब सोडायची छोटी तोटी) उघडून दाब उतरवायचा, गेज बघायचं, मग सेन्सर. ट्रनियन बॉल व्हॉल्व्ह (खुंट्यांवर बसवलेला बॉल, दोन्ही बाजूंना सीट) असेल तर बॉडीचा ब्लीड उघडून कोणती सीट पास होते हेही वेगळं काढता येतं. जो डीलर डेमोमध्ये गेजकडे न बघता थेट सेन्सर चिकटवतो, त्याच्याकडून घेऊ नका.

आता तो आकडा, लिटर प्रति मिनिट. यंत्रात व्हॉल्व्हचा प्रकार, इंच, दाबातला फरक आणि गॅस भरला की ते डेसिबलवरून गळती काढून देतं. फटीचा आकार त्याला दिसत नाही. दहा बारीक ओरखडे आणि एक सरळ खाच यांतून सारखाच गॅस जात असला तरी आवाज वेगळा होतो. आमच्याकडे बेंच आहे, म्हणून आम्ही पडताळून पाहिलं. एक दोन इंची टाकाऊ बॉल व्हॉल्व्ह घेतला, सीटवर मुद्दाम ओरखडे पाडले, नायट्रोजनच्या सिलिंडरमधून सहा बार दिले आणि पलीकडे रोटामीटर, म्हणजे गॅसचा प्रवाह मोजायची नळी, लावला. रोटामीटर १० लिटर म्हणतोय तेव्हा यंत्र ७ म्हणालं. ओरखडा खोल केला, रोटामीटर ३५, यंत्र ६०. सीट फिरवून बसवली तर त्याच ३५ ला ४१. म्हणजे दुप्पट-निम्म्याच्या घरात येतं. मोठी, मध्यम, किरकोळ अशी वर्गवारी करायला हे पुरेसं आहे. पण “तुमचा वर्षाला अमुक लाखांचा गॅस जातोय” असं छातीठोक सांगायला नाही, आणि नेमकं तेच सांगून हे यंत्र विकलं जातं.

खालच्या टोकालाही मर्यादा आहे. एपीआय ५९८ या व्हॉल्व्ह टेस्टिंगच्या मानकाप्रमाणे मऊ सीटच्या व्हॉल्व्हला टेस्टमध्ये एकही बुडबुडा चालत नाही. धातूच्या सीटच्या चार इंची व्हॉल्व्हला मिनिटाला २४ बुडबुडे चालतात. पाण्याच्या भांड्यात नळी बुडवून आमचा पोरगा हे बुडबुडे मोजत बसलेला असतो. तेवढी गळती या यंत्राला ऐकूच येत नाही. तेव्हा दुरुस्तीनंतरची टेस्ट कोणी ‘आवाजावर’ करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. बेंचवर बुडबुडे, लाइनवर आवाज.

सेन्सर जिवंत आहे का हे बघायची रीत मला फार आवडते. ०.५ मिलिमीटरची टूएच शिसं घातलेली पेन्सिल घ्यायची, सेन्सरपासून ठरलेल्या अंतरावर लोखंडावर तिरकी टेकवायची आणि साधारण तीन मिलिमीटर शिसं कट्कन मोडायचं. मोडताना होणारा धक्का दर वेळी जवळपास सारखा असतो, म्हणून जगभर या कामात हीच पद्धत मान्य आहे, सू-निल्सन (Hsu-Nielsen) नावानं. पाच लाखांच्या वरचं यंत्र आणि त्याची रोजची परीक्षा भांडुप स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीतल्या पेन्सिलनं. रीडिंग नेहमीपेक्षा तीन-चार डेसिबल खाली आलं की समजायचं, केबल किंवा सेन्सर गेला.

आणि केबल जातेच. विक्रीनंतरच्या सेवेबद्दल बोलायचं तर डीलरचं नाव लिहीत नाही, पण अनुभव लिहिते. केबल सेन्सरच्या मुळाशी तुटली. एवढीशी केबल, पण ती सेन्सरला कायमची जोडलेली, त्यामुळे अख्खा सेन्सर बदला म्हणाले. भारतात साठा नाही, बाहेरून येणार. यंत्र आठवड्यांमागून आठवडे कपाटात, आणि फोन केला की “मॅडम, कस्टममध्ये आहे.” शेवटी लोहार चाळीतल्या एका कारागिरानं केबल तात्पुरती जोडून दिली, पेन्सिल मोडून बघितली तर रीडिंग पूर्वीसारखं. वॉरंटी अर्थात गेली.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. हे यंत्र दोन रूपांत मिळतं: साधं, आणि स्फोटक वायूच्या जागी वापरायला प्रमाणित. साधं बरंच स्वस्त. डेमोला आलेला मुलगा साधं घेऊन पंपाच्या कॉम्प्रेसरपाशी निघाला होता, तिथल्या सेफ्टीवाल्यानं गेटवरच अडवला, आणि बरोबर केलं. गॅसच्या जागी न्यायचं तर पेसोची (स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) मान्यता असलेलं मॉडेलच घ्या. स्फोटक वायूंचे गट पाडलेले असतात; नैसर्गिक वायूसाठी ग्रुप आयआयए पुरतो, पण माहूलच्या रिफायनरीत हायड्रोजनच्या लाइनजवळ काम मिळायची आशा असेल तर आयआयसी बघा, नाहीतर पुन्हा खर्च. कोटेशनवर मॉडेल नंबरच्या शेवटचं एक अक्षर काय आहे ते वाचा, फरक तेवढाच छापतात.

कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे चार बारच्या किंवा त्यावरच्या लाइनवर पन्नास-शंभर व्हॉल्व्ह आहेत आणि दर शटडाऊनला कुठले उतरवायचे यावर मीटिंग होते, त्यांनी. आठ-दहा व्हॉल्व्हवाल्या कारखान्यानं विकत घेऊ नये, वर्षातून एकदा सर्व्हे करून घ्यावा. आम्हीही करतो, इतरही करतात. सर्व्हेवाल्याकडून रिपोर्ट घेताना प्रत्येक व्हॉल्व्हची तिन्ही रीडिंगं आणि त्या वेळचे दोन्ही बाजूंचे दाब मागा. नुसतं ‘पासिंग – होय’ आणि लिटरचा आकडा असेल तर पैसे अर्धे द्या.

आमचं काम कमी झालं का, असं बाबा विचारतात. खोलायला येणारे व्हॉल्व्ह कमी झाले. जे येतात ते खरोखर खराब असतात, त्यामुळे दुरुस्ती मोठी असते, आणि सर्व्हेचं बिल वेगळं. मामांचं म्हणणं मात्र अजून तेच आहे. सर्व्हेला निघताना पिशवीत यंत्राशेजारी तो स्क्रू ड्रायव्हर असतोच, आणि कॉम्प्रेसर थांबायची वाट बघताना पहिला कान त्यांचाच लागतो.